दसऱ्यानंतरचा फोन

हेमा,

तुझं बारावं होऊन चार दिवस झाले. आज पहिल्यांदा आपला गाळा उघडला. ते कुलूप तुझ्या हाताला सरावलेलं, माझ्याच्याने उघडेना. शेवटी शेजारच्या गाळ्यात लेथ चालवणाऱ्या टर्नरने येऊन उघडून दिलं. टेबलावर तू अर्धवट खोललेला एक कीबोर्ड पडलाय आणि त्याचे स्क्रू चहाच्या बशीत आहेत. "बशीला हात लावू नका हं," असं मी त्याला जरा जोरातच बजावलं आणि मग त्याच्यासमोरच रडायला लागले. तो बिचारा पाणी आणायला म्हणून गेला तो अर्ध्या तासाने परत आला. मला एकटीला सोडावं एवढं त्याला कळलं.

तुझ्या कोळीवाड्यातल्या मंडळाने श्रद्धांजलीच्या मजकुरासाठी मला एक कागद भरायला दिलाय. जन्म, शिक्षण, कार्य असे तीन मथळे आहेत आणि खाली रेघा. तो मी बाजूला ठेवलाय. तुझं कार्य त्या आठ रेघांत कसं बसवायचं ते मंडळानेच ठरवावं. मला तुझ्याशी बोलायचंय. एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली, आणि तीन वर्षं राहिलीय. ती सांगते, पण एकदम धीर होत नाही, म्हणून आधी थोडं इकडचं तिकडचं. माझी ही सवय तुला माहीतच आहे, मुद्द्यावर येईपर्यंत तुझा चहा गार व्हायचा.

आपण भेटलो तेव्हा तू वागळे इस्टेटमधल्या त्या टीव्हीच्या कारखान्यात सोल्डरिंगच्या लायनीवर होतीस आणि मी वरच्या मजल्यावर खरेदी खात्यात खर्डेघाशी करत होते. एके दिवशी तू एप्रनसकट माझ्या टेबलापाशी आलीस, मूठभर कपॅसिटर समोर ओतलेस आणि म्हणालीस, "मॅडम, ह्यांचे पाय बगा. कोन घेतं हो असला माल?" घेणारी मीच होते. मला इतका राग आला की मी तुझी तक्रार करायला साहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत गेले. दारातून परत फिरले, कारण पाय खरंच गंजलेले होते. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मीच खाली तुझ्या लायनीत आले. तू सरकून जागा दिलीस आणि माझ्या डब्यातली भेंडी बघून म्हणालीस, "एवढ्यावर तू दिवस काढतेस गो?" त्या दिवशीपासून तुझ्या डब्यातली सुकटीची चटणी मी चोरून खायला लागले. घरी कळलं असतं तर सासूबाईंनी ताट वेगळं केलं असतं.

कारखाना बंद पडला तेव्हा माझ्या यजमानांच्या कंपनीलाही टाळं लागलेलं होतं. तू मात्र त्याआधीच नौपाड्यात संध्याकाळचा कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स करून बसली होतीस. "आपन दोगी धंदा करू," असं तू म्हणालीस ते मला चांगलं आठवतं, कारण मी हसले होते आणि तू हसली नव्हतीस. तू दुरुस्ती करायची, मी गिऱ्हाईक आणायचं, फोन घ्यायचे, वर्षाच्या मेंटेनन्सचे करार करायचे. पाटीवर दोघींची नावं घातली. यजमान घरात भिंतीकडे बघत बसायचे. त्यांना तू "भावोजी, जरा मॉनिटर उचलायला हात द्या" म्हणून बाहेर काढलंस, आणि महिन्याभरात ते स्कूटरवरून मशीनं पोचवायला लागले. ते काम त्यांना आपण दिलं असं त्यांना कधी वाटू दिलं नाहीस. ह्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

दोन बायका कॉम्प्युटर दुरुस्त करतात ह्यावर लोकांचा विश्वास बसायला किती दिवस गेले! डोंबिवलीतल्या त्या ऑफिसचे साहेब आठवतात? तू बॅग घेऊन जिना चढून गेलीस, तर ते तुझ्या मागे वाकून जिन्यात बघत राहिले. तू विचारलंस, "काय शोधताय?" तर म्हणाले, "इंजिनियर येतायत ना मागून?" तू म्हणालीस, "आले. चहा सांगा." तेव्हा त्यांचा प्रिंटर मशीनला सापडत नव्हता. तीन दिवस त्यांचा कारकून प्रिंटर बंद-चालू करून थकला होता. तू केबल काढलीस, प्लग उजेडाकडे धरलास, केसातली पिन काढलीस आणि आत वाकलेली बारीक पिन तिने सरळ केलीस. मग प्रिंटर आधी चालू, मशीन नंतर. दहा मिनिटांत कागद निघाला. साहेबांनी मला फोन करून सांगितलं, "बाई भलतीच हुशार आहे हो." मी म्हटलं, "बाई नाही, इंजिनियर." त्या एका शब्दासाठी मी किती जणांशी भांडलेय ते तुला माहीत आहे. हे एवढं लक्षात ठेव, पुढे लागेल.

तुझी कामाची रीत मला फार उशिरा कळली. मशीन चालू केलं आणि कीबोर्ड नाही, माऊस नाही, स्कॅनर नाही असं स्क्रीनवर आलं, की लोक घाबरून जायचे. विशेषतः वयाने मोठी माणसं. आयुष्यभर टाइपरायटर बडवलेले, पन्नाशीत कॉम्प्युटरसमोर बसवलेले. आपल्या हातून हे महागडं यंत्र मेलं ह्या भीतीने त्यांच्या हाताला घाम सुटलेला असायचा. तू गेल्या गेल्या पहिलं काय करायचीस, तर साहेबांना बाहेर घालवायचीस. "साहेब, पाच मिन्टं द्या, करंटचं काम हाय." करंटचं काहीही नसायचं. मग त्या ऑपरेटरच्या शेजारी खुर्ची ओढून विचारायचीस, "काय झालं ते सांगा. मी कोनाला बोलनार नाय." आणि माणसं सांगायची. एकीने कीबोर्ड नळाखाली धुतला होता. एकाने स्कॅनरचं बटण फार उजेड येतो म्हणून बंद करून ठेवलं होतं. कुणी नुसतं टेबल सरकवलं होतं. निम्मं निदान तिथेच व्हायचं. उरलेलं निम्मं म्हणजे मशीन बंद करून सगळ्या वायरी काढायच्या, पुसायच्या, एकेक परत लावायची आणि चालू करताना कीबोर्डवरचे तीन दिवे एकदा लुकलुकतात का ते बघायचं.

पण रिपोर्टात मला सांगायचीस, "लिही, वायर सैल होती." मी लिहायचे. दोन वर्षांनी एकदा मी फाइल चाळली तर ठाण्यापासून कल्याणपर्यंत आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या वायरी सैल! मी तुला विचारलं तेव्हा तू नुसती हसलीस. मी म्हटलं, हा खोटेपणा आहे. तू म्हणालीस, "मशीन चालू झालं ना? मग खरं कोनाला पाहिजे?" त्यावर आपलं भांडण झालं, पण ते हसण्यावारी गेलं. विठ्ठलवाडीचं गेलं नाही.

दसऱ्यानंतरचा आठवडा आपला सगळ्यात धावपळीचा. कॉम्प्युटरची पूजा करायची म्हणून लोक काय काय करायचे! फ्लॉपीच्या फटीत अक्षता, कीबोर्डवर ओलं कुंकू, झेंडूच्या पाकळ्या पंख्यात. तीन वर्षांपूर्वी विठ्ठलवाडीच्या छापखान्यातून फोन आला की मशीनला कीबोर्डही सापडत नाही आणि माऊसही नाही. दिवाळी अंकाची कामं तुंबलेली, मालक पेटलेले. त्यांनी दुसरा नवा कीबोर्ड लावून बघितला, तोही सापडेना, म्हणजे मशीनच गेलं अशी त्यांची खात्री. आणि ते घालवलं कुणी, तर सबनीस काकांनी.

सबनीस काका त्या छापखान्यात तीस वर्षं खिळे जुळवत होते. खिळे गेले, कॉम्प्युटर आला, तसे तेही त्याच्यासमोर येऊन बसले. तूच त्यांना शिकवलं होतंस. मालकांच्या मनात त्यांच्या जागी तरुण ऑपरेटर आणायचं बरेच दिवस होतंच, निमित्त हवं होतं.

तू मालकांना बाहेर घालवलंस आणि काकांना विचारलंस. त्यांनी सांगितलं, दसऱ्याला ते नेहमीसारखी पूजा करायला आले होते. खिळ्यांच्या काळात दसऱ्याला ते प्रत्येक खण उपसायचे, पुसायचे, यंत्राचा सुटा होईल तेवढा भाग सुटा करून त्याला हळदकुंकू लावायचे आणि मग परत जोडायचे. नुसत्या वरवरच्या पूजेला ते पूजा मानायचेच नाहीत. तसंच त्यांनी कॉम्प्युटरचं केलं. सगळ्या वायरी काढल्या, पुसल्या, प्रत्येक प्लगला बोटाने कुंकू टेकवलं आणि परत लावल्या. कीबोर्ड माऊसच्या भोकात आणि माऊस कीबोर्डच्या. दोन्ही भोकं गोल, सारखी, काळी. आता नव्या मशीनांत एक जांभळं आणि एक हिरवं यायला लागलंय. कुणाला तरी शेवटी सुचलं म्हणायचं.

तू पिना पुसल्यास, वायरींची अदलाबदल केलीस, मशीन सुरू झालं. मालक आत आले आणि म्हणाले, "कुणाची करामत ही?" काका उभे होते. इथे "वायर सैल होती" चालण्यासारखं नव्हतं, कारण मालक ऐकणाऱ्यातले नव्हते आणि त्यांनी प्लगवरचं कुंकू बघितलेलं. तर तू म्हणालीस, "माझीच. खंडेनवमीला संध्याकाळी मी सफाईला आलेले, तेव्हा वायरी मीच उलट्या लावल्या. काकांनी वरनं नुसतं कुंकू लावलं."

तू गाळ्यावर परत यायच्या आधी मालकांचा मला फोन आला. "तुमच्या इंजिनियरबाईंनी स्वतः कबूल केलंय. बायकांच्या हाती मशीन दिलं की असंच व्हायचं. उद्यापासून येऊ नका."

तू आलीस तेव्हा मी तुला बसूही दिलं नाही. तू सगळं सांगितलंस, खरं काय ते, काहीच लपवलं नाहीस. मी म्हटलं, "पाटीवर तुझ्या एकटीचं नाव नाहीये. तुला महात्मा व्हायचं असेल तर स्वतःच्या नावावर हो. इतकी वर्षं मी दारोदार सांगत फिरले की बायकांना हे येतं, आणि तू जाऊन सांगितलंस की येत नाही!" तू बॅग खाली ठेवलीस. "आपल्याला दुसरं गिऱ्हाईक मिळल, शैला. काकांना दुसरं काम कोन देनार?" मी म्हटलं, "ते आपलं काम नाही." तू पाणी प्यायलीस आणि सोल्डर गन तापायला लावलीस.

मला अजूनही वाटतं की माझं अगदीच चुकलं नव्हतं. हे भांडण तू आज समोर असतीस तर मी पुन्हा केलं असतं. एका माणसाची चूक झाकायला दोघींच्या कामाला बट्टा लागला, आणि त्या मालकाने ते चार ठिकाणी सांगितलंच असतं. पण ह्यापुढे जे केलं त्याला भांडण म्हणत नाहीत.

दोन दिवसांनी मी वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीबाहेरच्या पीसीओवरून विठ्ठलवाडीला फोन केला. गाळ्यावरून केला नाही, कारण तू ऐकशील. मी मालकांना सांगितलं की आमच्या इंजिनियरची चूक नव्हती, तुमच्या माणसाने पूजेसाठी वायरी काढल्या होत्या, आमच्या बाईंनी दयेपोटी अंगावर घेतलं. ते म्हणाले, "असं होय?" आणि आठवडा संपायच्या आत आपला करार परत आला. तू विचारलंस, "कसा काय गो परत आला?" मी म्हटलं, "राग गेला असेल त्यांचा." तू माझ्याकडे बघितलंस आणि बरं म्हणालीस.

दिवाळीच्या तोंडावर काकांना काढलं. तू ते सांगत आलीस तेव्हा डबा उघडलाच नाहीस. आणि मी काय बोलले असेन? "वय झालं होतं गं त्यांचं." हे वाक्य मी नंतर किती वेळा ऐकलंय, माझ्याच आवाजात, भाजी निवडताना, अंघोळ करताना. तू काकांना कल्याणच्या दुसऱ्या छापखान्यात घेऊन गेलीस, पहिले दोन आठवडे रोज संध्याकाळी तिथे जाऊन त्यांच्या शेजारी बसलीस, ते मला माहीत होतं. मी तुझे त्या वेळचे कॉल गुपचूप दुसऱ्या दिवशी सकाळवर ढकलत होते. तेवढीच माझी भरपाई.

सांगायचं रोज ठरवायचे. आज नको, आज तिचा मूड चांगलाय. आज नको, आज ती दमलीय. असं करत तीन वर्षं गेली. मग तुला कावीळ झाली आणि तू ती अंगावर काढलीस. कोळीवाड्यातलं कुठलंसं झाडपाल्याचं औषध घेत कामावर येत राहिलीस. डोळे पिवळे दिसतायत म्हटलं तर म्हणालीस, "ट्यूबलाइट जुनी झाली गो, बदल." मी हसले. त्या हसण्यासाठी स्वतःला काय करू ते कळत नाही. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दोन दिवसांत तुला भेटायला आले तेव्हा सांगायचंच असं ठरवून आले होते. तुझी आय उशाशी बसलेली. तू डोळे मिटूनच विचारलंस, "कल्याणचा स्कॅनर लागला का?" मी म्हटलं, लागला. आणि तुझी आय म्हणाली, "आता तिला झोपू दे बाय." मी निघून आले.

तर हे सांगितलं. आता बाराव्याचं सांगते.

सबनीस काका आले होते. मी त्यांना लांबून बघितलं आणि आत स्वयंपाकघरात बायकांत जाऊन बसले. ते तिथवर आले. "शैलाताई, मला टाळू नका. जरा बाहेर येता?" अंगणात दोन खुर्च्या होत्या. ते बसले, मला बसवेना. मी म्हटलं, "काका, तुमची नोकरी माझ्यामुळे गेली."

"माहीत आहे," ते म्हणाले. "मालकांनी काढताना तोंडावर सांगितलं होतं, तुमच्या ऑफिसातल्या बाईंचा फोन आला म्हणून."

मी समोरच्या खुर्चीत बसले. मी विचारलं, "हेमाला माहीत होतं?"

"मीच सांगितलं. दिवाळीला फराळ घेऊन आल्या होत्या घरी, तेव्हा. मी रागात होतो, म्हटलं, तुमच्याच भागीदाराने घात केला. तर त्या म्हणाल्या, 'काका, तिच्या नवऱ्याची कंपनी गेलीय. ती घाबरलीय. घाबरलेल्या मानसाला पकडायचं नसतं.' आणि मला शपथ घातली, त्यांना सगळं कळलंय हे तुम्हाला कळू द्यायचं नाही." काका चष्मा पुसत राहिले. "तुमच्यावर मी कसला रागावणार? तुम्ही निदान खरं तरी बोललात. मालक ओरडत होते तेव्हा मी तिथेच उभा होतो. त्या माझी चूक स्वतःवर घेत होत्या आणि मी गप्प राहिलो."

तुझी आय चहा घेऊन आली आणि आमच्याकडे बघून कप ठेवून परत गेली.

हेमा, त्या दिवाळीत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तू आमच्याकडे आली होतीस. माझ्या चकल्या मऊ पडल्या होत्या त्यावरून यजमानांसमोर माझी यथेच्छ चेष्टा केलीस, मुलीच्या वेण्या घातल्यास, जेवून गेलीस. म्हणजे तेव्हा तुला माहीत होतं. त्यानंतर तीन वर्षं माझ्याशेजारी बसलीस, माझ्या डब्यात आपली चटणी घातलीस, माझ्याशी दुसऱ्या शंभर गोष्टींवरून भांडलीस आणि त्या एका गोष्टीवरून एकदाही नाही. मी समजत होते, मी तुझ्यापासून लपवतेय. आणि तू मला लाज वाटू नये म्हणून, तुला कळलंय हे माझ्यापासून लपवत होतीस. दोघींत जास्त जड कुणाला गेलं असेल?

सबनीस काकांची चूक तू अंगावर घेतलीस तेव्हा मी तुला महात्मा म्हणून हिणवलं होतं. त्याच महिन्यात माझीही घेतलीस, आणि मला पत्तासुद्धा लागू दिला नाहीस.

तुझी,
शैला